प्रश्न विचारणाऱ्यांची नोकरी



30 सप्टेंबर 1993 ची पहाट होती. चार वाजायला काही मिनिटे बाकी होती. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. एवढ्यात किल्लारी आणि सास्तूर परिसरातील जमीन हादरली. दगडमातीची घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. शिरूर अनंतपाळमधील तुमच्या आजी-आजोबांना विचारा. त्या 'जलजल्या'ची आठवण ते सांगतील.

आपला भाग भूकंपापासून सुरक्षित आहे, असे तोवर मानले जाई. मग जमीन का हादरली? उत्तर शोधायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आले. आपण शेतात पाण्यासाठी बोअर घेतो. त्यांनी किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतले. वर सुमारे 338 मीटर काळा पाषाण लागला. त्याखाली फार प्राचीन खडक लागला. त्या खडकांचे नमुने तपासून अनेकांनी अभ्यास केला.

अशा शोधाला मराठीत 'संशोधन' आणि उर्दूत 'तहकीक' म्हणतात. संशोधन ही नोकरीही असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तुम्ही म्हणाल, "एवढे शिकायला पैसा कोठून आणावा?" याचे उत्तर ऐका. एम.एस्सी.नंतर 'नेट' परीक्षेत अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास पीएच.डी. करताना दरमहा पैसे मिळतात. 2023 पासून ही रक्कम पहिली दोन वर्षे 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये आहे. अभियंत्यांसाठी 'गेट' परीक्षा आहे. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे लागतात. नंतर प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि कारखाने यांत कामे असतात. कायम जागा मात्र थोड्या असतात. म्हणून चिकाटी हवी.

त्यासाठी दूरदेशीच जावे लागते असे नाही. नांदेडला 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास 2023 साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपेल. तेथे भौतिकशास्त्रज्ञांबरोबर स्थापत्य, विद्युत आणि संगणक अभियंतेही लागतील.

मित्रांनो, आज गणित आणि विज्ञान मन लावून शिका. उर्दूबरोबर मराठी आणि इंग्रजीही पक्की करा. वर्गात "असे का?" असे विचारायला लाजू नका. किल्लारीच्या जमिनीचे सारे कोडे अजून सुटलेले नाही. ते सोडवणारा हात कदाचित तुमच्याच बाकावरचा असेल.

शब्दार्थ
पाषाण – दगड; अधिछात्रवृत्ती – संशोधनासाठी मिळणारा वजिफा; चिकाटी – काम न सोडण्याचा गुण

स्वाध्याय
1. शास्त्रज्ञांनी किल्लारीत बोअर का घेतले?
2. पीएच.डी. करताना खर्चाची सोय कशी होते?
3. घरातील वडीलधाऱ्यांना भूकंपाची आठवण विचारा व पाच वाक्ये लिहा.