गाडीचं प्रगतिपुस्तक : जुन्या डिझेल व्हॅनच्या फिटनेसवरून शिकलेला एक पाठ



नेसरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सरसेनापती प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी इथल्या खिंडीत ते आणि त्यांचे सहा साथीदार धारातीर्थी पडले. आमच्या मुलांना हा इतिहास पाठ आहे. पण त्यांच्या रोजच्या बोलण्यात येते ती मात्र दुसरीच गोष्ट, वाड्यावस्त्यांवरून त्यांना शाळेत आणणारी पिवळी व्हॅन. आजचा पाठ तिच्यावरच आहे.

ही व्हॅन १३ वर्षांची, डिझेलवर चालणारी. चालवणारे मामा पोरांच्या घरातलेच झालेत. कोणाला ताप असला तर आईच्या हातात सोपवूनच पुढं जातात. पावसाळ्यात मीसुद्धा बऱ्याचदा याच गाडीतून येते. गेल्या मे महिन्यात ही गाडी फिटनेस तपासणीला गेली आणि नापास होऊन आली.

कारणं अशी होती : पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक सारखा लागत नव्हता, मागचा एक ब्रेकलाइट बंद होता, एक टायर झिजला होता, धूर मर्यादेपेक्षा जास्त होता आणि आपत्कालीन दार जोर लावल्याशिवाय उघडत नव्हतं.

बातमी वाडीत पोचली आणि पालकांचे दोन गट पडले. एक गट म्हणाला, "भंगार झाली गाडी, आमची पोरं बसणार नाहीत." दुसरा गट म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं का? कागदाचं काय घेऊन बसलाय!" मामा मला म्हणाले, "बाई, इंजिनला काय बी झालेलं न्हाई. अजून धा वर्सं हलत न्हाई ते."

मी गप्प बसले. कारण उतारावर मामांना ब्रेक दोनदा दाबावा लागतो, हे मी पुढच्या सीटवर बसून कितीतरी वेळा पाहिलं होतं. पाहून कोणाला बोलले मात्र नव्हते. म्हणजे तपासणी करणाऱ्याला एका दिवसात जे दिसलं, ते मला वर्षभर दिसत होतं. हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

१) फिटनेस म्हणजे नेमकं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत हे प्रमाणपत्र दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवं करावं लागतं. आपल्या घरच्या खाजगी गाडीला मात्र सुरुवातीला १५ वर्षांची नोंदणी मिळते आणि पुढं ५-५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते.

इथं पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे व्यावसायिक गाडी, तिला ही तपासणी लागू. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पैसे घेऊन मुलं नेत असेल, तर ते नियमात बसत नाही. शिवाय ती गाडी कित्येक वर्षं कोणी तपासलेलीच नसते. "आमची गाडी कधी नापास झाली नाही," असं कोणी म्हणालं, तर ती परीक्षेला बसली होती का, हे आधी विचारा.

धुराचंही तसंच. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्रावर मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, बीएस-४ गाड्यांना ५० ची. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला किंवा इंजेक्टर खराब. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. म्हणजे धूर हा आजार नव्हे, आजाराचं लक्षण आहे.

२) डी.एड.चा जुना धडा

डी.एड.ला असताना मूल्यमापनाच्या तासाला दोन शब्द घोकले होते : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच चाचणी पुन्हा घेतली तर निकाल जवळपास तोच यायला हवा, ही विश्वसनीयता. जे मोजायचं आहे तेच चाचणी मोजते का, ही सप्रमाणता. परीक्षेत पाच गुण मिळाले आणि शब्द विसरले, असं झालं होतं. या व्हॅननं ते परत आठवून दिले.

उभ्या गाडीचा ब्रेक पायानं दाबून बघितला तर पेडल घट्ट आहे एवढंच कळतं. गाडी किती अंतरात थांबते, ते कळत नाही. म्हणजे ती चाचणी सप्रमाण नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि चालत्या गाडीचा ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचे ट्रॅक हवेत, असं न्यायालयानं बजावलं. आता स्वयंचलित तपासणी केंद्रं येत आहेत. तिथं चाकं रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. डावं-उजवं यांतला फरक यंत्रच दाखवतं, तिथं ओळख चालत नाही.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी ती वर्षातून एकदा होणारी परीक्षा आहे. आपल्या भाषेत संकलित मूल्यमापन. वर्षभराचं आकारिक मूल्यमापन कोण करणार? तिथं तपासणी अधिकारी नसतो, तिथं आपण असतो.

ब्रिटनमध्ये १९६० साली १० वर्षांहून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंगची. इतक्या गाड्या नापास झाल्या, की पुढच्याच वर्षी ही अट ७ वर्षांवर आणि १९६७ मध्ये ३ वर्षांवर आणावी लागली. त्यांच्या आजच्या निकालपत्रात पास आणि नापास यांच्या जोडीला सूचनाही लिहितात : आज पास, पण या टायरवर लक्ष ठेवा. आपण प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी लिहितो, अगदी तशाच. नुसत्या श्रेणीपेक्षा पालकाला त्या नोंदीचाच जास्त उपयोग होतो.

३) इंजिन दणकट, म्हणून गाडी सुरक्षित?

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते, की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हा दाब सोसायला इंजिन मुळातच जाडजूड बनवलेलं असतं. वेळेवर ऑईल बदललं तर ते खरंच वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडच्या जुन्या मॅटाडोर आठवा. पत्रा गंजून गेला तरी इंजिन धडधडत असायचं.

पण गाडी चालू करणं हे इंजिनचं काम, थांबवणं ब्रेकचं. आणि वय इंजिनच्या आधी बाकीच्या भागांत दिसतं : ब्रेकचे रबरी सील, होजपाईप, बुशिंग, चासीचे जोड, दारांच्या बिजागऱ्या, वायरिंग. आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात तर जास्तच. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्यात बंद पडते आणि शाळेला उशीर होतो. ब्रेक बिघडला तर काय होतं, ते लिहायची गरज नाही. पहिली गोष्ट भरवशाची, दुसरी सुरक्षिततेची. बोलताना आपण या दोन्हींची गल्लत करतो.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक आपल्या भागात पुष्कळ दिसतात. ब्रेक हलका लागावा म्हणून गाडीत हवा ओढून घेणारा बूस्टर असतो. डिझेल गाडीत त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबेपर्यंत शिल्लक व्हॅक्यूम पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं. हे ऐकल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई, बाई."

४) नापास म्हणजे भंगार नव्हे

जूनच्या आधी शाळेत बैठक घेतली. मी पालकांना एवढंच विचारलं, "चाचणीत पोरगा नापास झाला तर आपण त्याला शाळेतून काढतो का? आणि न शिकवता वरच्या वर्गात ढकलतो का?" दोन्हीला उत्तर नाही असंच आलं. निदानात्मक चाचणी झाली, आता उपचारात्मक काम करायचं.

खर्चाचा प्रश्न आलाच. महिन्याच्या भाड्यात एकट्या मामांना सगळं जमणार नव्हतं. शेवटी प्रत्येक मुलामागं महिन्याला ५० रुपये जादा द्यायचे आणि ते फक्त देखभालीला वापरायचे, असं ठरलं. मामांनी दुरुस्तीची बिलं बैठकीत दाखवायची. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत शाळेच्या परिवहन समितीची तरतूद आहे. ही समिती नुसती कागदावर ठेवू नका, एवढं मी सर्व शाळांना सांगेन.

ब्रेक, टायर, इंजेक्टर, दार, सगळं करून गाडी पुन्हा तपासणीला गेली आणि शाळा उघडायच्या आत पास झाली.

५) वर्गातली कृती (इयत्ता चौथी)

*उद्दिष्टे :* निरीक्षण करणे, नोंद ठेवणे, वेग आणि अंतर यांचा संबंध समजणे.

*कृती १.* ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर वासरू आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अंदाजे १ सेकंद जातो. मुलांनी मैदानावर टेपनं ११ मीटर मोजले. मग ब्रेक चांगला असेल तर गाडी आणखी साधारण १२ मीटर जाते, म्हणजे एकूण २३. ब्रेक निम्माच लागत असेल तर आणखी २५ मीटर, म्हणजे एकूण ३६. दोन्ही ठिकाणी चुन्याच्या रेघा मारल्या. एक मुलगा मधल्या १३ मीटरमध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी इथं असतो तर?" त्या दिवशी वेगळं काही शिकवायची गरज पडली नाही.

*कृती २. व्हॅनची रोजची वही.* गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, मामा आणि एक शिक्षक सोबत, गाडीखाली कोणी जायचं नाही. एवढे नियम पाळून आठवड्याला दोन मुलं ही नोंद करतात :

- चारही टायर बघा. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला आहे का? (तिथं १.६ मिलिमीटरच खाच उरलेली असते.)
- मामा ब्रेक दाबतील, मागचे दोन्ही दिवे लागतात का?
- आपत्कालीन दार मोठ्या माणसानं एका हातानं उघडलं का?
- गाडी उभी होती तिथं जमिनीवर किंवा चाकाच्या आत तेलाचा डाग आहे का?
- अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी जागेवर आहे का?

जुलैत एका मुलीनं चौथ्या प्रश्नापुढं लिहिलं : "मागच्या डाव्या चाकाच्या आत ओघळ आहे." पावसाचे दिवस, सगळंच ओलं. मी म्हणाले, पाणी असेल. ती म्हणाली, "नाही बाई, बोटाला चिकटतंय." तिला आधी हात धुवायला लावले आणि मामांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि गाडी तिथंच ठेवली. त्या दिवशी मुलं पालकांच्या दुचाकीवर आणि एसटीनं घरी गेली. मेस्त्रीनं चाक उघडलं तर सिलिंडरचं रबर गेलेलं, ब्रेक ऑईल गळत होतं. फिटनेसचं प्रमाणपत्र तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचं होतं.

प्रमाणपत्र खोटं नव्हतं. ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी गाडी ठीकच होती. पण त्या कागदावर पुढचे तीनशे दिवस लिहिलेले नसतात.

६) पालकांसाठी

- गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकून फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत स्वतः पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.
- मुलांना घरी विचारा : गाडी उतारावर बंद करतात का? ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढते का? मुलं खरं सांगतात.
- चालकाला दोष देत विचारू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो बिघाड लपवेल. बरोबरीनं बसून विचारा.
- स्वस्त भाडं कुठून स्वस्त झालं आहे, तेही बघा.

माझ्यासाठीचा धडा वेगळा आहे. वर्गात मी मुलांना सांगते, "शंका आली तर हात वर करा." व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून मी तो हात वर्षभर वर केला नव्हता. चौथीतल्या मुलीनं केला. आता ती वही माझ्या टेबलावर असते आणि खाली रोज मीही सही करते.

आपल्या शाळेत अशी वही सुरू केली तर काय अडचणी आल्या, काय नोंदी सापडल्या, ते जरूर कळवा.