गादी घेण्याआधी

पेडणे

चि. बाय,

डिचोलीतलं नवं बिऱ्हाड लागलं, हे वाचून बरं वाटलं. गादीचे पैसे भरण्याआधी विचारलंस, तेही शहाणपणाचं केलंस. दुकानदाराने दाखवलेल्या ‘ऑर्थोपेडिक’ गादीवर एवढी भुलू नकोस. तो शब्द छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही.

आपल्याकडे गादीची पहिली परीक्षा पावसाळा घेतो. जूनपासून कपाटातल्या कपड्यांनाही कुबट वास येतो, मग गादीचं काय! आत ओल धरली की बुरशी येते, धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, आणि जावईबापूंना आधीच दम्याचा त्रास. म्हणून हवा खेळेल अशीच गादी घ्या. कापसाची गादी उत्तम, पण ती ओल शोषते, तिच्यात गोळे होतात. तिला वरचेवर ऊन दाखवायला आणि पिंजून घ्यायला हवं. फ्लॅटमध्ये ते जमणार असेल तरच तिच्या वाटेला जा. रबर लावलेल्या काथ्याच्या गादीतून हवा खेळते आणि ती अंगाला घट्ट आधार देते. मात्र हलक्या प्रतीच्या काथ्याचा भुगा होऊन मधोमध खळगा पडतो. नैसर्गिक लेटेक्स टिकतं, पण महाग. त्यात कृत्रिम रबर किती मिसळलंय ते विचार, आणि ते कडक उन्हात टाकू नकोस. फोमच घ्यायचा झाला तर घनता विचार. रोज निजायच्या गादीला घनमीटरला ३२ किलोच्या खाली उतरू नये. मेमरी फोम आपल्या उकाड्यात तापतो.

आता पाठीचं. कंबर धरली की फळीवर निजा, असं आपली जुनी माणसं सांगत. पण २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला. काहींना कडक, काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं अधिक कमी झालेलं दिसलं. तेव्हा दुकानात नुसतं बोट रुतवून पाहू नका. दोघांनीही चपला काढून, रोज निजता तसं पंधरा मिनिटं आडवं व्हा. कुशीवर असताना खांदा थोडा रुतावा, पण कणा सरळ राहावा. उताणं असताना कमरेखाली मोठी पोकळी राहिली तर गादी फार कडक, आणि कूस बदलायला जोर लागला तर फार मऊ.

नव्या गादीला येणारा उग्र वास गोंदाचा आणि फोममधल्या रसायनांचा असतो. त्यात फॉर्मल्डिहाइडही असू शकतं, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणून ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’सारखं प्रमाणपत्र मागा. ते कापडाला आहे की आतल्या थरालाही, तेही विचारा. गादी उन्हाळ्यातच घ्या. प्लास्टिक काढून खिडक्या उघड्या टाकून काही दिवस उभी ठेवा, मग निजा. पलंगाला सलग फळीपेक्षा पट्ट्या बऱ्या, म्हणजे खालूनही वारा लागतो. वर धुता येईल असं सुती कव्हर घाला.

बाळासाठी वेगळी, सपाट आणि टणक गादी घे. त्याला उताणंच निजव. मोहरीची उशी तुझ्या आईने हौसेने शिवली असली तरी पहिलं वर्षभर ती बाजूलाच ठेव. मऊ उशी, दुलई, बाहुल्याही जवळ नकोत. आईला माझं नाव सांग, म्हणजे ती रागावणार नाही.

बिलावर थर, जाडी, घनता आणि हमीची वर्षं लिहून घ्या. किती खळगा पडला तर गादी बदलून देणार, तेही लिहून घ्या. जो दुकानदार हे लिहून देत नाही, त्याच्याकडची गादी घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

तुझा,
मामा