जुना राउटर बदलण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत मी साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. घर जुने, भिंती दगडमातीच्या आणि दीड-दीड फूट जाडीच्या. भाची दहावीला. मागच्या खोलीत ती अभ्यासाला बसते आणि गणिताचे पाठ लॅपटॉपवर पाहते. पाठ सुरू झाला की दोन-दोन मिनिटांनी चित्र थिजे, शिकवणाऱ्या बाईंचा खडू फळ्यावर टेकलेला तसाच राही आणि उदाहरणाची पुढची पायरी निघून जाई. सराव परीक्षाही त्याच मार्गाने द्यायच्या होत्या. मागच्या खेपेस उत्तरे पाठवतानाच जोडणी तुटली आणि तिचा अख्खा पेपर वाया गेला होता.

"आम्ही कंपनीच बदलायची म्हणतोय," ताई म्हणाली. शेजाऱ्यांचे मत निराळे होते. राउटर २०१२ सालचा आहे, तो टाका आणि नवा आणा, असे त्यांचे म्हणणे. भाचीने विचारले, "मामा, तुला काय वाटतं?" मी म्हटले, "वाटण्याचा प्रश्नच नाही. आधी मोजू या."

मोजायचे काय, ते पाहा. इंटरनेटवरील माहिती आपल्यापर्यंत तीन टप्प्यांनी येते. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत ती काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने येते. घरात ती राउटरकडे जाते. टपाल कचेरीत पत्रांची छाननी करणारा कारकून असतो ना, तसे राउटरचे काम. आलेले प्रत्येक पुडके कोणाचे, ते पत्त्यावरून ठरवून तो त्या-त्या उपकरणाकडे धाडतो. शेवटचा आठ-दहा मीटरांचा टप्पा तेवढा हवेतून, रेडिओ लहरींच्या साहाय्याने होतो. वाय-फाय म्हणतात ते या शेवटच्या टप्प्याला. तिन्हींपैकी कोठेही खोळंबा झाला तरी पडद्यावरचे चित्र सारखेच थिजते. म्हणून चित्राकडे पाहून दोष कोणाचा, हे सांगता येत नाही.

आम्ही लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. सेकंदाला ९४ मेगॅबिट. ताई पैसे भरते १०० मेगॅबिटचे. तेव्हा कंपनी निर्दोष ठरली. मग तार काढून त्याच खोलीत दोन मीटरांवरून वाय-फायने मोजले, तर ३८. आणि मागच्या खोलीत फक्त ३! कंपनी बदलली असती, तर पहिला आकडा कदाचित थोडा हलला असता. तिसरा आकडा तसूभरही हलला नसता.

आता दोन प्रश्न उभे राहिले. जवळ असूनही ९४ चे ३८ का? आणि ३८ चे ३ का? दुसरा सोपा आहे, तो आधी घेऊ.

हा राउटर २.४ गिगॅहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी सोडतो, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार करा: तरंगलांबी ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर येते. अशा लहरी विटा-मातीच्या भिंतीतून जातात खऱ्या, पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. ओली भिंत जास्त घेते. लोखंडाच्या पत्र्यातून तर त्या जातच नाहीत, परावर्तित होतात. भिंतीपलीकडे रेडिओ लहरी पाठवण्याचा प्रयोग आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याला करून दाखवला होता, आणि बोस ज्या लहरींवर काम करीत त्यांची तरंगलांबी वाय-फायपेक्षाही लहान, काही मिलिमीटरांपासून दोन-अडीच सेंटीमीटरांपर्यंतची असे.

ताईचा राउटर होता कोठे? ओटीवर, लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर! 'दिसायला बरे दिसत नाही' म्हणून तो तेथे दडवला होता. मोबाइलवर लहरींची शक्ती दाखवणारी साधने फुकट मिळतात. ती डेसिबलमध्ये उणे आकडे दाखवतात; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी शक्ती जास्त. राउटरजवळ आकडा होता उणे ४५, मागच्या खोलीत उणे ८४. दर १० डेसिबलला शक्ती दहापट घटते, हे ध्यानात ठेवले तर ३९ डेसिबल म्हणजे सुमारे आठ हजार पट घट झाली. लांबून बोलणाऱ्याचे ऐकू येईना झाले की आपण त्याला सावकाश बोलायला सांगतो. राउटर आणि लॅपटॉपही आपापसांत तेच करतात. वेग कमी करतात, पण निरोप पोचवतात.

दहा मीटर तार आणून राउटर माजघरातल्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवला. मागच्या खोलीतला आकडा उणे ७० झाला, म्हणजे शक्ती पंचवीसपट वाढली. वेग ३ वरून १४. खर्च तारेचा तेवढा.

येथे एक प्रयोग तुम्हीही करू शकाल. मोबाइल टेबलावर ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मग मोबाइल एका रेषेत एक-एक सेंटीमीटर सरकवत प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून घ्या. घाई करू नका आणि मध्ये कोणाला उभे राहू देऊ नका. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे तोही लहरी शोषतो. आलेख काढलात तर चढउतार दिसतील. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना साहाय्य करतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. समोरासमोरून येणाऱ्या दोन लहरी असतील, तर दोन खोलगट जागांमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे सहा सेंटीमीटरांच्या आसपास पडते. घरात लहरी अनेक दिशांनी येतात, त्यामुळे आलेख पुस्तकातल्यासारखा नीट येणार नाही. तो तसा येऊ नये, हेच खरे.

या प्रतिध्वनींनी एके काळी शास्त्रज्ञांची मोठीच अडवणूक केली होती. सेकंदाला ५४ मेगॅबिट वेगाने एकामागून एक बिट पाठवायचे म्हटले, तर एका बिटाच्या वाट्याला अठरा-एकोणीस नॅनोसेकंद येतात. एका नॅनोसेकंदात लहर ३० सेंटीमीटर जाते. पंधरा मीटर वळसा घालून आलेला प्रतिध्वनी म्हणजे ५० नॅनोसेकंद उशिरा पोचतो आणि मागून येणाऱ्या दोन-तीन बिटांवर जाऊन आदळतो. यावरचा एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी शोधला. अमेरिकेत त्याचे पेटंट त्यांना १९९६ साली मिळाले. ओसुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद ते पूर्वी शोधत होते. स्पंद सापडले नाहीत, पण अवकाशातून विस्कटून आलेले संकेत सरळ करण्याचे गणित हाताशी होते. एक वेगवान धार पाठवण्याऐवजी अनेक संथ धारा शेजारी-शेजारी सोडायच्या, ही उपायातली मुख्य कल्पना. २००३ सालच्या वाय-फाय पद्धतीत अशा ५२ धारा असत आणि प्रत्येक धारेतले एक चिन्ह चार मायक्रोसेकंद टिके. त्यातला ०.८ मायक्रोसेकंद केवळ प्रतिध्वनी विरण्यासाठी राखून ठेवलेला. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. घरातला कोणताही प्रतिध्वनी त्यापूर्वी येऊन गेलेला असतो.

संध्याकाळी सात वाजता आमचे १४ चे एकदम ४ झाले. राउटर होता तेथेच, शक्तीचा आकडाही तोच. मोबाइलवर पाहिले तर आसपासच्या सोळा घरांचे राउटर दिसत होते. भारतात हा २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा २००५ सालापासून घरगुती वापरासाठी परवान्याविना खुला आहे, त्यामुळे तेथे गर्दी फार. पट्टा सुमारे ८३ मेगॅहर्ट्‌झ रुंद. त्यात तेरा वाहिन्या ५-५ मेगॅहर्ट्‌झवर आखलेल्या आहेत, पण प्रत्येक राउटरला जागा लागते निदान २० ची. परिणामी एकमेकांच्या अंगाला अंग न लावता बसू शकतात त्या तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. एका वाहिनीवरचे राउटर सभ्य असतात. आधी ऐकतात, कोणी बोलत असेल तर थांबतात. शेजारच्या, अर्धवट चढलेल्या वाहिनीवरचे बोलणे मात्र त्यांना कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. ताईचा राउटर कोणीतरी नवव्या वाहिनीवर लावून ठेवला होता, म्हणजे सहावी आणि अकरावी या दोन्हींचा गोंगाट वाट्याला. पहिल्या वाहिनीवर फक्त तिघे होते. तिकडे नेल्यावर वेग ४ चा ९ झाला.

एवढे झाल्यावर मात्र जुन्या राउटरकडून आणखी काही निघण्यासारखे नव्हते. त्याच्यावर '१५०' असा आकडा छापलेला होता, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातच दडले आहे. तो वेग मिळतो ४० मेगॅहर्ट्‌झ जागा वापरली तर. गर्दीत राउटर २० वरच येतो आणि मग कमाल वेग ७२ उरतो. त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ पोच देण्यात, थांबण्यात आणि पत्ते सांगण्यात जातो. राहिले ३८! खोक्यावरचे आकडे खोटे नसतात, पण ते मोकळ्या रस्त्यावरचे असतात.

नवा राउटर आणला तो २.४ आणि ५ गिगॅहर्ट्‌झ, असे दोन्ही पट्टे वापरणारा. ५ च्या पट्ट्यात जागा भरपूर, त्यामुळे एकेक राउटर ८० मेगॅहर्ट्‌झ घेऊ शकतो. शिवाय दोन अँटेनांनी एकाच वेळी दोन निराळे संदेश पाठवता येतात. माजघरात वेग ९४ आला. मागच्या खोलीत ४१. परसदारी मात्र गंमत झाली. तेथे ५ च्या पट्ट्यावर जेमतेम २ आणि जुन्याच २.४ वर ११! कारण असे की, अँटेना तरंगलांबीच्या प्रमाणात लहान होते आणि लहरी झेलण्याचे तिचे क्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ५ च्या पट्ट्यात तरंगलांबी निम्म्याहून कमी, म्हणून त्याच अंतरावर हाती येणारी शक्ती सुमारे एक पंचमांश. भिंतीही या लहरींचे अधिक नुकसान करतात.

जुना राउटर टाकण्यास वेगाखेरीज आणखी एक कारण होते, आणि माझ्या मते तेच अधिक वजनदार. त्याच्या आज्ञावलीत सुधारणा येणे केव्हाच बंद झाले होते. वाय-फायच्या कुलपात २०१७ साली एक मोठी फट सापडली. ती ज्याच्यात बुजवलीच गेली नाही, असे यंत्र घरात राहू देणे बरे नव्हे. उलट, तुमची जोडणीच ४० मेगॅबिटची असेल, राउटर उघड्यावर असेल, जवळ बसून पुरते ४० मिळत असतील आणि सुधारणाही येत असतील, तर खुशाल जुनाच वापरा.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात देण्यापूर्वी आम्ही जुन्या राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी दाबून धरली व त्यातील परवलीचे शब्द पुसून टाकले. मग वीज काढून भाचीने त्याची अँटेना सोलली. बाहेरून ती वीतभर काळी कांडी. आत होती एक बारीक तार, आणि तिचे उघडे टोक पट्टीवर धरले तर तीन सेंटीमीटरांहून किंचित जास्त. भाचीने वहीच्या कोपऱ्यात साडेबाराला चाराने भागले, पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली आणि तार कंपासपेटीत ठेवून दिली.