डोंगरावर एकटे, खिशात साखर

चांदवडच्या बाजूने सातमाळेची रांग सुरू झाली की इंद्राई, राजधेर, कोळधेर, कांचना असे करत धोडपपर्यंत आणि त्याच्याही पुढे किल्लेच किल्ले. राजगड-हरिश्चंद्रगडावर सुट्टीच्या दिवशी जत्रा भरते. इकडे दिवसभरात एखादा गुराखी भेटला तर भेटला. ही शांतता आवडणारी माणसे एकटी जातात. त्यांना 'जाऊ नका' म्हणणारा डॉक्टर मी नव्हे. डोंगर चढण्याने भले झालेले माझे रुग्ण मला माहीत आहेत. पण मधुमेह असलेल्यांसाठी आज थोडे सांगायचे आहे.

माझ्या ओळखीचे एक दुकानदार, वय ५४. पहाटे नेहमीची गोळी घेतली, कपभर बिनसाखरेचा चहा घेतला आणि इंद्राईकडे निघाले. निम्म्या चढावर घाम फुटला, छाती धडधडली, पाय लटपटले. चढ आहे, होणारच, असे त्यांना वाटले. पुढचे त्यांना नीटसे आठवत नाही. पायऱ्यांची वाट सोडून ते भलत्याच बाजूला झुडपात बसले होते. गुराख्याच्या मुलाला ते असंबद्ध बोलताना दिसले. आधी त्याला वाटले, गडी प्यायलेला आहे. तोंडाला वास येईना, तेव्हा त्याने जवळचा गूळ खायला दिला. दैव बलवत्तर, त्यांना गिळता येत होते.

वाचकहो, रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, धडधड, थरथर सुरू होते. दमलेल्या माणसाचीही लक्षणे हीच! घरी बायको म्हणते, 'अहो, असे काय करताय?' डोंगरावर हे म्हणणारे कोणी नसते, आणि साखर आणखी घसरली की आपली बुद्धीच आपल्याला दगा देते. बी.पी.साठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर धडधडही फारशी जाणवत नाही. घाम तेवढा येतो.

सगळ्याच गोळ्या असे करत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन यांच्यापासून मात्र जपावे. चढाईच्या दिवशी मात्रा किती घ्यायची हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका. उपाशीपोटी तर मुळीच निघू नका. भाकरी-भाजी खाऊन निघावे.

शंका आली की तिथेच, सावलीत, कड्यापासून दूर बसा. आधी साखर, मग विचार. ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. शंका खोटी ठरली तरी तीन चमच्यांनी काही बिघडत नाही. बिस्किटे किंवा चॉकलेटवर विसंबू नका, त्यांचा गुण उशिरा येतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच ठेवावे, कारण या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात. बरे वाटल्यावर डब्यातले पोटभर खा आणि खाली उतरा. शिखर कुठे पळून जात नाही.

रात्रीही सावध असावे. दमलेले स्नायू तासन्‌तास साखर ओढत राहतात. 'फार थकलो' म्हणून न जेवता झोपणे हे मोठे धाडस आहे. झोपण्यापूर्वी साखर तपासून घ्यावी.

साप चावला तर काय, हे सगळेच विचारतात. त्यावर पावसाळ्याआधी लिहीन.

खिशात मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा: नाव, घरचा फोन, 'मला मधुमेह आहे, बरळत असेन तर साखर द्या, बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.' दुसरी चिठ्ठी घरी: कोणता किल्ला, कोणत्या गावातून चढणार, किती वाजता उतरणार. डोंगराच्या घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून पायथ्याच्या एखाद्या घरीही वेळ सांगून जावे.

आमचे दुकानदार अजूनही एकटेच जातात. चिठ्ठी गल्ल्यावर असते, आणि साडेपाचपर्यंत ते उतरले नाहीत तर त्यांचा मुलगा त्याच गुराख्याच्या घरी फोन करतो.