‘गेट’ पाठ करू नकोस

गंगाखेड, जि. परभणी

चि. भाचीस,

इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदाचे मिळणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे असे अर्थ तू वहीत एकाखाली एक लिहून पाठ करते आहेस. ती वही मिट. क्रियापद यादीतून कळत नाही, शेजारच्या शब्दांवरून कळतं. आपलं ‘लागणे’ घे. भूक लागते, विहिरीला पाणी लागतं, कपाशीला बोंडं लागतात, स्टँडवर जिंतूरची गाडी लागते, निकाल लागतो, मूल रडू लागतं. यांतलं काहीही तुझ्याकडून कुणी घोकून घेतलं नाही, तरी तुझी गल्लत होत नाही. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे; प्राकृतात त्याचं ‘लग्ग’ झालं आणि तेच मराठीत ‘लागणे’ होऊन आलं. चिकटण्यापासून स्पर्शाकडे, स्पर्शापासून सुरुवातीकडे अर्थ सरकत गेला.

‘गेट’चंही तसंच झालं. इ.स.च्या 9व्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘गेता’, म्हणजे मिळवणे, इंग्रजीत रुजलं. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण ते उपसर्ग लावूनच येई. ‘फर्गेट’ म्हणजे मुळात हातची पकड सुटणे. पुस्तक हाती आलं की ‘गेट अ बुक’, घर गाठलं की ‘गेट होम’, थकवा आला की ‘गेट टायर्ड’. तिन्हींत आधी नव्हतं ते आता झालं आहे. एवढं धरून ठेव आणि पुढे वस्तू आहे, ठिकाण आहे की विशेषण, ते पाहा. बहुतेक वेळा अर्थ उलगडेल.

तू म्हणशील, ‘गेट ओव्हर’चा अर्थ मुळावरून कसा काढायचा? नेहमी निघणार नाही. ‘नादी लागणे’ तरी नुसत्या ‘लग्’वरून कुठे पुरतं कळतं? मूळ शब्दाची वाट दाखवतं. आजचा अर्थ बोलणाऱ्यांची सवय ठरवते. असे जोडप्रयोग अख्ख्या वाक्यासकट शिकावेत. दुसरी हरकत वर्गातली: ‘गेट’ नको, ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ लिहा. अर्जात तेच लिही. पण त्यांचा भारदस्तपणा इतिहासातून आलेला आहे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच चालू लागली आणि त्या वाटेने आलेले शब्द मानाचे ठरले. आपल्याकडेही 1948 पर्यंत निजामाच्या कचेरीत उर्दू आणि घरात मराठी होती. म्हणून घरची भाषा हलकी ठरली नाही.

मराठी जन्मापासून कानावर पडली, इंग्रजी कुठे पडते, ही तुझी अडचण मात्र खरी आहे. म्हणूनच रोज एखादं पान मोठ्याने वाच, ‘गेट’ भेटलं की ते वाक्य जसंच्या तसं उतरव आणि त्याच घडणीचं एक वाक्य स्वतःचं कर: सोयाबीन मोंढ्यावर नेण्याचं, पाथरीला पोचण्याचं, गणित समजल्याचं. वेळ लागेल, पण अशी आलेली भाषा परीक्षा संपल्यावरही तुझीच राहील.

तुझा
मामा