किनाऱ्यावरच्या घरासाठी फर्निचर घेताना

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांसाठी फर्निचर बहुतेक वेळा दिवाळी ते गुढीपाडवा या कोरड्या दिवसांत घेतलं जातं, आणि पुष्कळदा मुंबई-पनवेलच्या वातानुकूलित दालनात. तिथे प्रत्येक वस्तू चांगलीच दिसते. तिची परीक्षा होते ती जून ते सप्टेंबर. या पट्ट्यात त्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या घरात राहते आणि वाऱ्याबरोबर खारी हवा थेट माजघरापर्यंत येते. अशा हवेत काहीच जसंच्या तसं राहत नाही, सागही नाही. म्हणून ‘हे किती वर्षं टिकेल?’ हा दुकानात विचारला जाणारा प्रश्न मला अपुरा वाटतो. हे बिघडेल तेव्हा गावातल्या सुताराकडून नीट करून घेता येईल का, हे आधी विचारावं. फर्निचरच्या बाबतीत पस्तावा बहुतेक ठिकाणी हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतो, असं माझं ठाम मत आहे.

पार्टिकल बोर्डचं कपाट हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. लाकडाचा चुरा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या चिकट द्रावणात दाबून हा बोर्ड तयार होतो आणि वर गुळगुळीत लॅमिनेट बसतं. विक्रेता त्या लॅमिनेटवर पाणी ओतून दाखवतो, आणि त्यात खोटं काही नसतं, पृष्ठभाग खरंच पाणी पीत नाही. पण पाणी पृष्ठभागातून शिरतच नाही. ते शिरतं कडेतून, स्क्रूच्या भोकातून, सिंकच्या पाइपसाठी कापलेल्या खाचेतून. फरशी पुसताना कपाटाच्या तळाला रोज ओलं फडकं लागतं. एखाद्या पावसाळ्यानंतर खाली वाकून पाहिलं, तर कडेची पट्टी सुटलेली आणि आतला बोर्ड चहात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला दिसतो. हा फुगवटा वाळल्यावर उतरत नाही. चुरा सैल झाला की स्क्रूची पकड जाते, बिजागरी निखळते, दार लोंबतं. सुताराने नवा स्क्रू मारायचा तर कशात मारायचा? वॉरंटीचा भरवसा धरणाऱ्यांनी कार्डाची मागची बाजू वाचावी. ओल, वाळवी आणि पाण्याने झालेलं नुकसान पुष्कळ ठिकाणी त्यातून वगळलेलं असतं.

प्लायवूडचं तसं नाही, पण तिथे शिक्का नीट पाहिला पाहिजे. आयएस ३०३ या मानकाखाली एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही तोंड देणारा. एमआर म्हणजे ओलावा थोडाफार सोसणारा, आणि दुकानात तो बिनदिक्कत ‘वॉटरप्रूफ’ म्हणून खपवला जातो. आयएस ७१० हा मरीन प्लाय. त्याच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि त्याचे थर सुटू नयेत अशी अपेक्षा असते. त्यात फिनॉलवर आधारित गोंद वापरतात म्हणून हे शक्य होतं. स्वयंपाकघरात आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीवर मी यापेक्षा हलकं काही घेऊ नका असंच सांगेन. मात्र प्लाय उत्तम आणि बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या, असं झालं तर खर्च फुकट गेला. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे मुलामा फुटतो आणि गंज आतून पसरतो. समुद्र अगदी जवळ असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील, नाहीतर निदान ३०४ मागावं. जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या आणि दारांचे कोयंडे पितळी असायचे ते शोभेपुरते नव्हते.

अखंड लाकडाकडे वळलं की पहिला आक्षेप किमतीचा येतो, आणि तो रास्त आहे. सागाचं चार दारांचं कपाट सगळ्यांना परवडणार नाही. पण अखंड लाकूड म्हणजे नवा सागच, हे समीकरण चुकीचं आहे. फणसाचं लाकूड कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घरांत वापरात आहे. पाडलेल्या घरांच्या तुळया आणि फळ्या वखारीत मिळतात आणि जुना, मुरलेला साग नव्या कोवळ्या सागापेक्षा अनेकदा सरस निघतो. घेताना सालीलगतचा पांढरट भाग किती आहे ते पाहावं, कारण कीड आधी तिथेच लागते. ‘आमच्याच वाडीतला फणस तोडतो’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत सागाबरोबर फणस आणि आंबाही आहेत. झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी परवानगी लागते.

दुसरा आक्षेप असा की लाकूडही फुगतं, मग फरक काय राहिला? फरक असा की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि हवा कोरडी झाली की परत आवळतं. जाणता सुतार हे धरूनच काम करतो. मे महिन्यात खण बसवताना तो बाजूला थोडी मोकळीक सोडतो, आणि रुंद फळी चारी बाजूंनी घट्ट न ठोकता चौकटीच्या खाचेत सैल बसवतो. जुलैत खण अडकला म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नये. मार्चमध्ये त्याच जागी बोटभर फट पडेल. त्याऐवजी कडेला मेण चोळावं आणि दिवाळीपर्यंत थांबावं. सांधा सैल झाला तर पाचर मारता येते, फळी किडली तर तेवढीच बदलता येते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा अलिबागपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत असंख्य घरांची कौलं आणि पत्रे उडाले आणि सामान पावसात उघडं पडलं. असं भिजल्यावर लाकडी पलंग सावलीत सावकाश वाळवून, घासून, पॉलिश करून पुन्हा वापरात आणता येतो. भिजलेल्या पार्टिकल बोर्डाला तशी संधी मिळत नाही.

सोफ्याबद्दल माझं मत कदाचित अनेकांना पटणार नाही. शिवून बंद केलेला, फोम भरलेला, फरशीपर्यंत टेकलेला सोफा या हवेसाठी नाही. त्याच्या आत शिरलेली ओल बाहेर काढायला वाट नाही, आणि घर शनिवार-रविवारपुरतंच उघडत असेल तर बुरशी ठरलेलीच. लाकडी किंवा वेताची बैठक आणि वर सुट्या गाद्या घ्या. गाद्या उघडीप मिळताच उन्हात टाकता येतात, कव्हर धुता येतं. त्या सोफ्याइतक्या मऊ नसतात, हे कबूल.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा आणि बदलीची नोकरी असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. हलकं, सुटं होणारं सामान ही त्यांची खरी गरज आहे, आणि त्यांनी जड शिसवी पलंग घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त बोर्डाचं कपाट खोलून पुन्हा जोडताना त्याच भोकांत स्क्रू पक्के बसत नाहीत, म्हणजे ते सोयीचंही ठरत नाही. त्यांना नटबोल्टने जोडलेला लाकडी पलंग, उघडी मांडणी आणि चांगल्या पावडर कोटिंगचं पत्र्याचं कपाट पुरे. ओरखडा पडेल तिथे लगेच रंगाचा हात मारला तर पत्राही बरीच वर्षं साथ देतो.

नवं घर ताब्यात आलं की सगळं एकदम भरून टाकायची घाई होते. माझा आग्रह आहे की पहिला पावसाळा खुर्च्या, एक घडीची खाट आणि पेट्यांवर काढावा. जांभ्याच्या चिऱ्यांची कोणती भिंत ओल धरते, नैर्ऋत्येच्या खिडकीतून झड कुठवर येते, कोणत्या कोपऱ्यात वाळवीची माती चढते, हे ऑगस्टमध्ये डोळ्यांनी दिसतं आणि कोणत्याही नकाशावर दिसत नाही. मग त्या भिंती सोडून, कपाटाला चार बोटं उंच पाय देऊन आणि मागे हात जाईल एवढी फट राखून जागा ठरवावी, आणि माप घेऊन सुताराकडे जावं.