सरासरी दर्जाचा कापूस म्हणजे कसा?

प्रश्न : यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये आहे. खरेदी केंद्रावर मला त्याहून कमी दर लागला. कापूस 'एफएक्यू'त बसतो, पण ओल जास्त आहे, असे सांगितले. हा काय प्रकार? – एक शेतकरी, शिरपूर

उत्तर : 'फेअर अॅव्हरेज क्वालिटी' म्हणजे त्या दिवशी केंद्रावर आलेल्या मालाची सरासरी नव्हे. शेजाऱ्याचा कापूस चांगला निघाला म्हणून तुमचा उतरत नाही. धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि ओलावा यांचे ठरलेले माप असते, त्याच्याशी प्रत्येकाचा माल ताडून पाहतात.

२०२५-२६ चा ८११० हा दर क्विंटलचा असून तो ८ टक्के ओलाव्याला धरलेला आहे. पुढच्या प्रत्येक टक्क्याला दर १ टक्का उतरतो. मीटरने १० दाखवले, तर हाती ७९४७ रुपये ८० पैसे येतील. १२ टक्क्यांपुढचा माल घेत नाहीत.

म्हणून दव उडाल्यावरच वेचणी करा. कापूस दोन उन्हे दाखवूनच गाडीत भरा. कवडी आणि पाला-पाचोळा वेगळा काढा. मीटर लावताना स्वतः जवळ उभे राहा आणि आकडा लिहून घ्या.